लिनक्समध्ये लॉगिन अडकलं तर: डेस्कटॉप परत आणण्याचा क्रम

पासवर्ड बरोबर असतो, पण एंटर दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तीच लॉगिन स्क्रीन समोर येते. किंवा लॉगिन स्क्रीनच येत नाही, डाव्या कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकत राहते. किंवा लॉगिन होतं, पण डेस्कटॉपच्या जागी काळा पडदा आणि त्यावर माउसचा बाण. तिन्ही तक्रारींवर बहुतेक जण एकच मार्ग धरतात: आधी ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायचा, मग डेस्कटॉप पुन्हा टाकायचा, शेवटी अख्खी सिस्टिम. दोष मात्र बऱ्याचदा भरलेल्या डिस्कमध्ये किंवा होम फोल्डरमधल्या एका लहानशा फाइलच्या मालकीत असतो. ड्रायव्हर बदलून त्याला काही होत नाही, उलट एका बिघाडाचे दोन होतात.

आधी कुठे अडकलं ते शोधायचं आणि मगच कशाला तरी हात लावायचा. त्यासाठी सुरुवातीचा क्रम डोक्यात हवा. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ग्राफिक्स कार्ड ओळखून त्याला ड्रायव्हर जोडतो. सिस्टिमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ‘ग्राफिकल टार्गेट’पर्यंत पोचून डिस्प्ले मॅनेजर सुरू करतं, गनोम डेस्कटॉपसोबत तो सहसा जीडीएम असतो, केडीईसोबत एसडीडीएम, आणि हलक्या डेस्कटॉपसोबत बहुधा लाइटडीएम. तो लॉगिन स्क्रीन दाखवतो. पासवर्ड पॅम तपासतं, लॉगइनडी तुमच्या नावाने सेशन उघडतं. मग वेलँड किंवा एक्स (पडद्यावर खिडक्या काढणारी यंत्रणा) सुरू होतं, आणि त्यावर पॅनेल, वॉलपेपर व आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम येतात. लॉगिन स्क्रीन दिसली म्हणजे निम्म्याहून अधिक साखळी शाबूत आहे, हे लक्षात घ्या.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. फाइलच्या नावाची सुरुवात टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव आपोआप पूर्ण होतं, त्यामुळे स्पेलिंगची चिंता नको.)

## तयारी: हात लावण्याआधी

१. शेवटी काय बदललं ते आठवा, आणि आठवणीवर विसंबू नका. डेबियन-उबुंटूमध्ये ‘/व्हार/लॉग/एपीटी’ या फोल्डरातली ‘हिस्टरी.लॉग’ फाइल, फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी’, आर्चमध्ये ‘/व्हार/लॉग/पॅकमॅन.लॉग’. “मी काहीच केलं नव्हतं” म्हणणाऱ्याच्या या यादीत बहुतेक वेळा आदल्या रात्रीचा नवा कर्नल सापडतो.

२. मजकुरी कन्सोल उघडा. कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएन कीही लागू शकते. यूजरचं नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप होताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, ते तसंच असतं. ग्राफिकल लॉगिनकडे परतायला कंट्रोल+ऑल्ट+एफ१. काही सिस्टिमवर एफ२ किंवा एफ७.

३. कन्सोलही उघडत नसेल तर मशीन पुन्हा सुरू करा आणि ग्रबचा (बूट करताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा. जुन्या बायोस मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं, यूईएफआयवर एस्केप दाबायचं. पहिल्या नोंदीवर असताना ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘सिस्टिमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट’ लिहा आणि कंट्रोल+एक्स किंवा एफ१० दाबा. मशीन थेट कन्सोलवर येईल. हा बदल त्या एकाच बूटपुरता असतो. घरात दुसरं मशीन असेल आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याची सोय) आधीपासून चालू असेल तर तो मार्ग याहून सोयीचा.

४. काहीही पुसू नका, नाव बदला. ‘एमव्ही’ कमांडने फाइलच्या नावापुढे ‘.जुनं’ अशा अर्थाचं काहीतरी जोडा. चुकीची फाइल हलवली असेल तर परत आणता येते, पुसलेली येत नाही.

> सावध: रिकव्हरी मोडमध्ये तुम्ही रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, असता. तिथे बसून होममध्ये बनवलेली प्रत्येक फाइल रूटच्या मालकीची होते, आणि तेच पुढच्या लॉगिन लूपचं (पासवर्ड देऊनही पुन्हा लॉगिन स्क्रीनवर परतण्याचं) कारण ठरू शकतं. साधं कन्सोल मिळत असेल तर रिकव्हरीकडे जाऊ नका.

> तपासा: कन्सोलवर तोच पासवर्ड चालला का? चालला तर खातं आणि पासवर्ड ठीक आहेत. नाही चालला तर कीबोर्डचा लेआउट पाहा. यूजरच्या नावाच्या जागी काही अक्षरं आणि चिन्हं टाइप करून बघा, पासवर्ड सोडून. ग्राफिकल लॉगिनवर मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलं असेल तर ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरं जात असतात आणि पडद्यावर त्याचा पत्ताच लागत नाही. आर्चसारख्या सिस्टिमवर आणखी एक शक्यता: फेललॉक. मूळ सेटिंगनुसार तीन चुकांनंतर खातं १० मिनिटं बंद राहतं, आणि त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो. थांबा, किंवा रूट म्हणून ‘फेललॉक --यूजर’, मग यूजरचं नाव, मग ‘--रीसेट’.

## टप्पा १: दोष तुमचा की सिस्टिमचा?

लॉगिन स्क्रीन अजिबात येत नसेल तर हा टप्पा सोडून थेट टप्पा ३ वर जा. येत असेल तर सगळ्यात उपयोगी चाचणी हीच, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

कन्सोलवरून एक नवा यूजर तयार करा: ‘सुडो यूजरॲड -एम’ (‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालवा) आणि पुढे एखादं नाव, मग ‘सुडो पासडब्ल्यूडी’ आणि तेच नाव. आता ग्राफिकल लॉगिनवर जाऊन या नव्या यूजरने आत शिरून पाहा.

नवा यूजर आत गेला तर ड्रायव्हर, कर्नल, डिस्प्ले मॅनेजर, डेस्कटॉपची पॅकेजं, सगळं निर्दोष सुटलं. बिघाड तुमच्या होममध्ये किंवा तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. इथून पुढे एकही पॅकेज पुन्हा टाकायची गरज नाही. नवा यूजरही अडकला तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात आहे, आणि तुमच्या होममधल्या फाइली हलवत बसण्यात अर्थ नाही.

> सावध: दोन्ही वेळा सेशनचा प्रकार एकच हवा. तुमचं खातं एक्सवर आणि नवं वेलँडवर असं झालं तर तुलना फोल. जीडीएममध्ये यूजर निवडल्यावर खालच्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, एसडीडीएम आणि लाइटडीएममध्ये सेशनची यादी असते. तिथे बघून घ्या.

## टप्पा २: जागा, मालकी, परवानगी

या तीन गोष्टी पाच मिनिटांत तपासून होतात, आणि लॉगिन लूपची कितीतरी प्रकरणं इथेच मिटतात. चाचणीचा निकाल काहीही लागला तरी हा टप्पा करा.

१. डिस्क. ‘डीएफ -एच’ चालवा. मूळ विभाजन किंवा होम १०० टक्के दिसलं तर कारण सापडलं. सेशनला सुरू होताना लहान लहान फाइली लिहाव्या लागतात. त्या लिहिता आल्या नाहीत की ते मुकाट्याने बंद पडतं. ईएक्सटी४ मध्ये मूळ सेटिंगनुसार ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, म्हणून रूटच्या सेवा सुरळीत चालतात आणि फक्त तुमचं सेशन कोसळतं. ‘डीएफ -एच’मध्ये जागा दिसत असेल तर ‘डीएफ -आय’ही पाहा; लाखो बारीक फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपले तरी परिणाम तोच. जागा करायला ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ (एम कॅपिटल) आणि पॅकेज मॅनेजरचा साठा साफ करणारी कमांड (उबुंटूत ‘सुडो एपीटी क्लीन’) हे दोन सुरक्षित उपाय. तेवढ्याने भागलं नाही तर होममधलं ‘.कॅश’ फोल्डर. ‘/व्हार’मध्ये शिरून दिसेल ते पुसू नका.

२. टेंप फोल्डर. ‘एलएस -एलडी /टीएमपी’. ओळीची सुरुवात ‘डी’ने, मग तीनदा वाचा-लिहा-चालवा, आणि शेवटचं अक्षर ‘टी’ असायला हवं. नसेल तर ‘सुडो सीएचएमओडी १७७७ /टीएमपी’. आकड्यातला पहिला १ विसरू नका. ७७७ लिहिलं तर कुणीही कुणाच्याही टेंप फाइली पुसू शकतो.

३. होममधली मालकी. ‘फाइंड’ कमांडला होमचं चिन्ह, म्हणजे नागमोडी रेघ, द्या आणि पुढे ‘-यूजर रूट’ लिहा. रूटच्या मालकीच्या सगळ्या फाइलींची यादी येईल. यात ‘.एक्सऑथॉरिटी’ (एक्स कॅपिटल) किंवा ‘.आयसीईऑथॉरिटी’ (आय, सी आणि ई कॅपिटल) दिसली तर एक्स सेशन आपल्याच फाइलीला हात लावू शकत नाही आणि तुम्ही परत लॉगिन स्क्रीनवर फेकले जाता. कधीतरी ‘सुडो स्टार्टएक्स’ केलेलं असतं, किंवा सुडो लावून एखादा खिडकीवाला प्रोग्रॅम उघडलेला असतो. या दोन फाइलींचं नाव बदललं तरी चालतं, पुढच्या लॉगिनला गरज पडली की नव्या तयार होतात. ‘.कॉन्फिग’, ‘.कॅश’ किंवा ‘.लोकल’ रूटच्या नावावर असतील तर मात्र मालकी बदला: ‘सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर’ (आर कॅपिटल), मग तुमचं नाव, कोलन (:), पुन्हा तुमचं नाव, आणि शेवटी होमचा पूर्ण मार्ग.

> सावध: ही शेवटची कमांड एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचा. मार्गातल्या पहिल्या तिरक्या रेघेनंतर चुकून जागा पडली तर अख्ख्या सिस्टिमची मालकी तुमच्या नावावर होईल, आणि मग सुडोही चालणार नाही.

फेडोरात होम बॅकअपमधून परत आणलं असेल तर मालकी बरोबर असूनही एसईलिनक्सची (परवानग्यांच्या वरची आणखी एक सुरक्षा यंत्रणा) लेबलं चुकलेली असू शकतात. ‘सुडो रिस्टोअरकॉन -आर /होम’ (इथेही आर कॅपिटल) एवढंच पुरतं. त्यासाठी एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका.

## टप्पा ३: लॉगिन स्क्रीनच येत नाही

१. सिस्टिम ग्राफिकलपर्यंत जातेय का? ‘सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट’. उत्तरात मल्टी-यूजर आलं तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट’. ग्रबमध्ये तुम्ही स्वतः केलेला बदल या उत्तरात दिसत नाही, त्यामुळे गोंधळू नका.

२. डिस्प्ले मॅनेजर जिवंत आहे का? ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’. सेवा सापडत नाही असं उत्तर आलं तर कुठलाच डिस्प्ले मॅनेजर चालू केलेला नाही. दुसरा डेस्कटॉप टाकून मग काढून टाकल्यावर असं होतं: जाताना तो आपला डिस्प्ले मॅनेजर घेऊन जातो आणि जुना कुणी जोडत नाही. डेबियन-उबुंटूत ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ आणि पुढे जीडीएम३, एसडीडीएम किंवा लाइटडीएम यांपैकी जो असेल तो. इतरत्र ‘सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --फोर्स’ आणि त्याचं नाव.

३. अपडेट अर्धवट राहिलंय का? वीज गेली, लॅपटॉप मिटला, टर्मिनल बंद केलं. डेबियन कुटुंबात आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’. दुसऱ्या कमांडने डेस्कटॉपची पॅकेजं काढायची परवानगी मागितली तर नाही म्हणा आणि यादी नीट वाचा.

४. मग ड्रायव्हर. ग्रबमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून बूट करा. जुन्या कर्नलवर सगळं सुरळीत चाललं तर दोष नव्या कर्नलसोबतच्या ड्रायव्हर मॉड्यूलचा. एनव्हिडियाच्या बाबतीत हे फार घडतं. ‘एलएसपीसीआय -के’ चालवून ग्राफिक्स कार्डाखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळ आहे का पाहा. मग ‘डीकेएमएस स्टेटस’ आणि ‘यूनेम -आर’ शेजारी ठेवा: चालू कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर मॉड्यूल बांधलंच गेलेलं नाही, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे त्या कर्नलच्या हेडर फाइली नसणं.

मॉड्यूल बांधलं गेलंय, तरी चढत नाही? मग सिक्युअर बूट, म्हणजे सही केलेलेच भाग चढवू देणारी सोय. ‘एमओकेयूटिल --एसबी-स्टेट’ ते चालू आहे का सांगतं. कर्नलच्या लॉगमध्ये किंवा मॉड्यूल हाताने चढवताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा शेरा मिळाला तर सही नसलेलं मॉड्यूल नाकारलं जातंय. ड्रायव्हर टाकताना एक तात्पुरता पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो. बहुतेक जण काय आहे ते कळायच्या आत तो जाऊ देतात, किल्ली नोंदली जात नाही, आणि दोष ड्रायव्हरवर जातो.

‘नोमोडसेट’ हा बूट पर्याय फक्त निदानासाठी आहे. तो दिल्यावर लॉगिन स्क्रीन आली तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का. पण तो कायमचा ठेवला तर ग्राफिक्सचा वेग जातो, रिझोल्यूशन अडकतं आणि दुसरा मॉनिटर चालत नाही. दोन वर्षं असंच मशीन वापरणारे लोक आहेत.

## टप्पा ४: पासवर्ड देताच परत लॉगिन स्क्रीन

टप्पा २ निर्दोष निघाला असेल तर आता लॉग वाचायचे. चुकीची पद्धत म्हणजे सकाळपासूनचा अख्खा लॉग काढून त्यातली लाल ओळ शोधत बसणं. चांगल्या चालणाऱ्या मशीनच्या लॉगमध्येही लाल ओळी ढिगाने असतात. ब्लूटूथच्या तक्रारीचा तुमच्या लॉगिनशी काही संबंध नाही.

मशीन नव्याने सुरू करा. घड्याळ बघून एकदाच लॉगिन करा. लूप झाला की लगेच कन्सोलवर येऊन ‘सुडो जर्नलसीटीएल -बी -ई’ चालवा. ही कमांड या बूटच्या लॉगचं शेवटचं टोक दाखवते. वर सरकत तुमच्या नावाने सेशन उघडल्याची ओळ गाठा. त्यानंतर काही सेकंदांत सेशन बंद झाल्याची ओळ असेल. या दोन ओळींमधली पहिली तक्रार वाचा, शेवटची नाही. शेवटच्या तक्रारी पहिल्या पडझडीचे परिणाम असतात.

जर्नलमध्ये धागा मिळाला नाही तर: लाइटडीएमसाठी ‘/व्हार/लॉग/लाइटडीएम’ फोल्डर, एक्स सेशनसाठी होममधली ‘.एक्ससेशन-एरर्स’, एसडीडीएमसाठी होममधलं ‘.लोकल/शेअर/एसडीडीएम’. एक्सच्या स्वतःच्या लॉगमध्ये कंसातल्या दोन ई अक्षरांच्या ओळी शोधायच्या.

तुमच्याच यूजरला लूप होत असेल तर यातलं काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी:

१. ‘.प्रोफाइल’, ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.एक्सप्रोफाइल’. या फाइली ग्राफिकल लॉगिनच्या वेळीही वाचल्या जाऊ शकतात. कुणीतरी सांगितलं म्हणून इथे ‘एक्झिट’ किंवा दुसरं शेल सुरू करणारं ‘एक्झेक’ लिहिलेलं असेल, तर सेशन सुरू करणारी स्क्रिप्ट तिथेच संपते. कन्सोलवर मात्र त्याच ‘एक्झेक’ने सगळं छान चालतं, म्हणून संशयही येत नाही. आवडतं शेल कायमचं करायला ‘सीएचएसएच’ आहे, ते वापरा.

२. पाथ आणि लायब्ररींचे मार्ग. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ (सगळं कॅपिटल) लॉगिन फाइलीत टाकलं असेल, किंवा पायथनचं एखादं मोठं वितरण पाथमध्ये सगळ्यात पुढे बसलं असेल, तर डेस्कटॉप चुकीच्या लायब्ररी उचलतो. सर्वच यूजर अडकत असतील तर ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ पाहा. ती शेल स्क्रिप्ट नाही: डॉलर लावून जुना पाथ त्यात जोडता येत नाही, ती अक्षरं जशीच्या तशी घेतली जातात.

३. नसलेलं सेशन. डिस्प्ले मॅनेजर तुमची मागची निवड लक्षात ठेवतो. ते सेशनच काढून टाकलं गेलं असेल तर पंचाईत. उपलब्ध सेशनांच्या फाइली ‘/यूएसआर/शेअर’मधल्या ‘वेलँड-सेशन्स’ आणि ‘एक्ससेशन्स’ या फोल्डरांत असतात. “चाकावर क्लिक करा आणि झॉर्ग निवडा” हा जुना सल्ला आता सगळीकडे लागू नाही. २०२५ मध्ये आलेल्या गनोम ४९ मध्ये एक्सचं सेशन मूळ सेटिंगमध्ये बंद आहे. पूर्वी कधी जीडीएमच्या कॉन्फिग फाइलीत ‘वेलँडएनेबल=फॉल्स’ लिहून ठेवलं असेल तर अशा अपडेटआधी ती ओळ काढून टाका.

## टप्पा ५: आत गेलात, पण डेस्कटॉप अर्धाच

काळा पडदा आणि बाण, पॅनेल गायब, किंवा गनोमचं ‘ओह नो’ असं दुःखी चेहऱ्याचं पान. इथे होममधली सेटिंग एकेक करून बाजूला करायची, आणि तीही ग्राफिकल सेशनमधून पूर्ण बाहेर पडून, कन्सोलवरून. सेशन चालू असताना फाइल हलवली तर बाहेर पडताना डेस्कटॉप ती पुन्हा लिहून ठेवतो.

गनोम असेल तर पहिला संशय एक्स्टेन्शनवर: ‘.लोकल/शेअर/गनोम-शेल/एक्स्टेन्शन्स’चं नाव बदला. मोठ्या आवृत्तीबदलानंतर हेच निघतं. मग ‘.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल’, आता न जोडलेल्या मॉनिटरची मांडणी त्यात अडकलेली असू शकते. केडीईमध्ये पॅनेलची मांडणी ‘.कॉन्फिग’मधल्या ‘प्लाझ्मा’ने सुरू होऊन ‘ॲपलेट्सआरसी’ने संपणाऱ्या फाइलीत असते, पडद्यांची ‘.लोकल/शेअर/केस्क्रीन’मध्ये. एक्सएफसीईमध्ये ‘.कॅश/सेशन्स’. सगळ्यांसाठी सामाईक: ‘.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट’.

> सावध: अख्खं ‘.कॉन्फिग’ हलवायचा मोह आवरा. क्रोमसारख्या ब्राउझरची प्रोफाइल तिथेच असते, आणि बुकमार्क गेले म्हणून दुसरीच घबराट सुरू होते. शिवाय दोष नेमका कशात होता ते कधीच कळत नाही.

एक फाइल हलवली की मशीन पुन्हा सुरू करून लॉगिन. नुसतं लॉगआउट केलं तर आधीच्या प्रयत्नातले प्रोसेस मागे रेंगाळू शकतात आणि निकाल फसवा येतो. फरक पडला नाही तर ती फाइल परत जागेवर ठेवा, मगच पुढची हलवा.

## सुटल्यावर

दोनदा पूर्ण रीबूट करून लॉगिन करा. ग्रबमधला बदल एका बूटपुरता असल्यामुळे एकदा चाललं याला फारसा अर्थ नाही. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘नोमोडसेट’ किंवा तत्सम काही टाकलं असेल तर काढा आणि ग्रबची कॉन्फिग फाइल पुन्हा तयार करा. चाचणीचा यूजर ‘सुडो यूजरडेल -आर’ आणि त्याचं नाव देऊन काढून टाका. सोप्या पासवर्डचं खातं मागे ठेवणं बरं नव्हे.

अजूनही अडकलेलं असेल आणि कुणाला विचारणार असाल, तर “लॉगिन होत नाही” एवढंच लिहू नका. वितरण आणि त्याची आवृत्ती, डिस्प्ले मॅनेजर, वेलँड की एक्स, ‘एलएसपीसीआय -के’मधला ग्राफिक्सचा भाग, नवा यूजर आत जातो की नाही, आणि सेशन उघडल्यापासून बंद होईपर्यंतच्या लॉगच्या ओळी द्या. लॉग मजकूर म्हणून द्या, पडद्याचा फोटो नको. त्यात यूजरचं नाव आणि मशीनचं नाव असतं, हवं तर ते झाका. बाकीच्या ओळी कापू नका.